भिकू कुणात धरायचा

भिकू माझा मुलगा. पण तो पाच वर्षांचा होईपर्यंत हे एवढंसं वाक्य मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्याच्या आधी माझी दोन गेली, दोन्ही अंगावर पिती असतानाच. म्हणून हा जन्मला तसा सासूबाईंनी त्याला सुपात घातला, शेजारच्या फुलाबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि पसाभर कोंडा देऊन तिच्याकडून परत मागून आणला. मागून आणला म्हणून भिकू. मूल फुलाबाईचं, मी नुसती सांभाळणारी; शाळेत घालेपर्यंत असंच बोलायचं, म्हणजे काळाची नजर चुकते. तो फुलाबाईला आई म्हणायचा आणि मला काकी.

आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि आमच्या ह्यांना हे असलं पटायचं नाही. ‘सगळे देव सोडले, पर सटवी न्हाई सोडली तू,’ असं ते आईला सुनवायचे. पण स्वतः पोराची चौकशी करताना मात्र ‘फुलाबाईचं प्वार कुटं हाय?’ असंच विचारायचे. तिथं त्यांचीही छाती व्हायची नाही.

आणीबाणी उठून तीनएक वर्षं झाली असतील, तेव्हा गावात जीप आली. जीप दिसताच बाप्ये मंडळी हातातली कामं टाकून डोंगराकडे पळाली, त्यात आमचे हेही होते आणि फुलाबाईचा नवरा तर सगळ्यात पुढे. हसायचं कारण नाही. आणीबाणीत अशीच गाडी यायची. माझ्या थोरल्या भावाला भर बाजारातून उचलून नेला होता, पोरं जास्त आहेत म्हणून, आणि नसबंदी करून सोडला. तेव्हापासून ‘पोरं किती?’ असं कुणी विचारलं की आम्ही बोलणंच बदलायचो.

जीपमधून वाल्मीक गुरुजी उतरले. ते पलीकडच्या गावच्या शाळेतले, ओळखीचे. सोबत शहरातला एक साहेब होता. दारादारावर गेरूने आकडे घालत दोघं आमच्या ओट्याशी आले.

‘घाबरू नका अनुसयाबाई,’ गुरुजी म्हणाले. ‘माणसं मोजायचीत नुसती. आणि ही खरी शिरगणतीसुद्धा नाही. खरी वर्षाभराने येईल. ही तिची रंगीत तालीम.’

झालं. म्हणजे आधी तालीम करणार आणि मग खरे येणार. मी आणखीच घाबरले.

घरात कोण कोण, शेती किती, शिक्षण किती, सगळं विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, ‘मुलं किती झाली?’

‘दोन.’

‘हयात किती?’

‘एकबी न्हाई.’

तेवढ्यात भिकू भाकरीचा तुकडा घेऊन आतून आला आणि माझा पदर धरून उभा राहिला. साहेबाने विचारलं, ‘मग हा?’

‘फुलाबाईचा,’ मी म्हणाले. पाठच झालं होतं ते.

फुलाबाईचा ओटा आमच्याला लागूनच. ती तिथूनच सगळं ऐकत होती. गुरुजी तिच्याकडे वळले तशी तिने आपल्या तिघांची नावं सांगितली.

‘आणि हा मुलगा?’

‘मला तीनच हायेत, गुरुजी. तेच लई झाले. चवथं घालू नगा माझ्या नावावर.’ तिने हात जोडले. ‘मालकांना न्हेतील ओ.’

‘अहो, पण ह्या म्हणतात तुमचा.’

‘म्हनू द्या. माझा न्हाई त्यो.’

मला तिचा असा राग आला की काय सांगू. पण तिचं तरी काय चुकलं? पसाभर कोंडा घेऊन आई होणं वेगळं आणि सरकारी कागदावर आई होणं वेगळं.

साहेबाच्या कपाळाला आठी पडली. ‘कुणाचंच नाही, मग मूल आलं कुठून? असं बेवारस मूल घरात ठेवता येत नाही, गुरुजी. पौडला, तालुक्याच्या कचेरीत कळवावं लागेल.’ तो काही रागाने बोलला नाही. पाणी मागावं तितक्या सहज बोलला. भिकू भाकरी चावायचा थांबला.

आतून सासूबाई म्हणाल्या, ‘अनुसये, बोलू नगंस.’

बोलले तर काळ ऐकणार होता आणि नाही बोलले तर सरकार नेणार होतं. मी गुरुजींना हळूच विचारलं, ‘न बोलता लिवता येतंय का?’

‘नाही बाई. तुमच्या तोंडून ऐकूनच लिहायचं, असा नियम आहे.’

माझी दोन मातीत गेली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता होतं, म्हणून तर जास्त भीती वाटत होती. मी त्या जीपच्या मागच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. त्यावर बसलेला भिकू मला दिसायला लागला.

‘माझा हाय,’ मी म्हणाले. गुरुजींनी कान पुढे केला.

‘माझा हाय. मी जन्माला घातलाय त्याला.’ ह्या वेळी एवढ्या मोठ्याने बोलले की आत सासूबाईंनी रडायला सुरुवात केली.

तीन झाली, एक हयात, असं लिहून घेऊन गुरुजी उठले. ‘वर्षाभराने खरी गणती येईल तेव्हाही असंच सांगा हं,’ म्हणाले. वर्षाभराने भिकू असेल ना, हे मला त्यांना विचारायचं होतं. जीप निघून गेली. फुलाबाई माझ्याकडे न बघता घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

भिकू त्या बंद दाराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला.

‘आये,’ तो म्हणाला.

पाच वर्षं ह्या एका हाकेसाठी मी झुरले होते. मी झटकन त्याच्या तोंडावर हात दाबला. त्याचा श्वास तळहाताला गरम लागत होता. पुन्हा म्हण, पुन्हा एकदा म्हण, असं मला सांगायचं होतं, पण हात काढायची हिंमत होत नव्हती.