दादाच्या गाडीतल्या जुन्या फिल्टरचा खुलासा

विषय : बाजारात मिळणारा लाल रंगाचा एअर फिल्टर बसवल्याने मोटारीच्या इंजिनची ताकद वाढते किंवा कसे, याची तपासणी.

संदर्भ : सदर तपासणीत 'जुना नमुना' म्हणून हजर असलेला मी.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी एक कागदी एअर फिल्टर बोलतोय. माझं म्हणणं कुणी मागवलेलं नाही. ज्याच्यावरून वाद होतो त्यालाच विचारायची पद्धत कुठल्याच कचेरीत नसते, त्यामुळे मी स्वतःहून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड पिवळसर कागदाला बारीक घड्या घालायच्या, भोवती रबराची चौकट बसवायची, की झालो मी. दिसायला वहीचा पुठ्ठा बरा. माणसं हवा खायला बागेत जातात. इंजिनला ती जागेवर पोचवावी लागते, आणि तीही गाळून. धूळ माझ्या घड्यांत अडकावी आणि स्वच्छ हवा पुढे जावी, एवढीच माझी नोकरी. बढती नाही, बदली मात्र वेळेवर व्हायला हवी, असं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात छापलेलं होतं. ते पुस्तक दादाने कधी उघडलं नाही.

दादा म्हणजे माझ्या गाडीचा मालक. सुट्यांच्या भागांच्या एका दुकानात तो विक्रेता होता. सुट्टीच्या दिवशी गाडीला आंघोळ घालायचा, बॉनेटवर स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत फडकं मारायचा. बॉनेटच्या खाली कोण राहतं याची चौकशी त्याने कधी केली नाही. त्याबद्दल माझा राग नाही. वरून चकचकीत ठेवलं की आतलं आपोआप चालतं, यावर सगळ्या जगाचाच विश्वास आहे.

या गाडीवर त्याने धाकट्या बहिणीला गाडी शिकवली. लहानपणी ती बुटकी आणि गोल होती म्हणून तिचं नाव पडलं ठमी.

"क्लच हळू सोड, ठमे. इंजिनलाही जीव असतो."

"असला तर तो मेटाकुटीला आलाय, दादा. तू शेजारी बसून हँडब्रेक ओढतोयस."

ठमी पुढे इंजिनिअर झाली आणि वाहनं तपासणाऱ्या एका संस्थेत लागली. तिथे तिला सगळे मॅडम म्हणतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी दादाने तिला याच गाडीतून सोडलं आणि ती आत जाईपर्यंत फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभा राहिला. तेवढा धूरही मीच सोसला.

वर्षं गेली. माझ्या घड्या आधी करड्या झाल्या, मग काळ्या. मी गुदमरत होतो. इंजिनला पुरेशी हवा पोचत नव्हती, चढावर गाडी धापा टाकायची, आणि दादा म्हणायचा, "वय झालं हिचं." दोष वयावर ढकलला की काही करावं लागत नाही.

मग दुकानाच्या मालकाने दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि पुतण्याने दादाला घरी बसवलं. पन्नाशी उलटलेला विक्रेता घरी बसला की काय करतो? फडकं मारतो. अशात एक फिरता एजंट दाराशी आला आणि त्याने दादाच्या हातात लाल्या ठेवला.

लाल्या म्हणजे तो लाल एअर फिल्टर. सुती जाळीचा, तेल पाजलेला, कडेला चकाकती पट्टी. खोक्यावर लिहिलेलं, 'ताकद वाढवा'. दादाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डब्याचं झाकण उघडलं.

"हे काय, घरटं?" असं म्हणून त्याने मला डिकीत फेकलं आणि माझ्या जागी लाल्याला बसवलं. मग एक फेरी मारली. डिकीतून मला सगळं कळत होतं. गाडी खरोखर पळाली. दादा घरी आला तो नोकरी परत मिळाल्यासारखा.

"अगं, उडतेय गाडी," तो वहिनीला, म्हणजे बायकोला म्हणाला. "उडतेय अक्षरशः."

त्यात खोटं काही नव्हतं. चोंदलेलं नाक मोकळं झालं की कुणालाही डोंगर चढावासा वाटतो. त्याचं श्रेय कुणी रुमालाच्या रंगाला देत नाही, एवढंच. शिवाय लाल्या हवा ओढताना घरघरतो. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली अशी माणसांची समजूत आहे. ही समजूत मोटारींपुरती असती तर कचेऱ्या पुष्कळ शांत असत्या.

दादाने लाल्याची एजन्सी घेतली. पुढच्या खोलीचं दुकान झालं. खोकी आधी भिंतीला लागली, मग खिडकीला, मग पलंगाखाली शिरली.

"खोकी तरी हलवा, नाहीतर मला तरी हलवा," वहिनी म्हणायची.

"थोडे दिवस. दाखला मिळाला की खोकं राहणार नाही घरात."

मला डिकीतून काढून काउंटरवर मांडलं. एका बाजूला मी, एका बाजूला लाल्या. "हा जुना, हा नवा. तुम्हीच सांगा," दादा गिऱ्हाइकाला म्हणायचा. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून नाक मुरडायचं. मी दादाच्याच गाडीची धूळ वर्षानुवर्षं पोटात घेतली, आणि ती धूळच माझ्याविरुद्ध पुरावा झाली. लाल्याची सगळी कीर्ती म्हणजे माझी घाण. हे मला त्या काउंटरवर समजलं, आणि ऐकायला फक्त लाल्या होता.

दाखल्याचं असं झालं. टॅक्सीवाल्या एका बड्या मालकाने सांगितलं की तपासणी संस्थेचा कागद आणा, माझ्या सगळ्या गाड्यांना हाच बसवतो. त्या कागदावर दादाचं दुकान तरणार की बुडणार हे ठरणार होतं. आणि संस्थेत तपासणी करणारी अधिकारी एकच होती.

ठमीने हे आपल्या साहेबांना आधीच सांगितलं. "सर, अर्जदार माझा सख्खा भाऊ आहे."

"मग बरंच झालं," साहेब म्हणाले. "घरचं काम समजून लवकर उरका."

दादा गाडी घेऊन आला, सोबत काउंटरवरून उचललेला मी. तपासणीच्या खोलीत जमिनीत लाटण्यासारखे फिरणारे लोखंडी रूळ बसवलेले आहेत. गाडीची चाकं त्यांवर चढवून पट्ट्यांनी गाडी बांधतात आणि जागच्या जागी पळवतात. चाकं रुळांना किती जोराने फिरवतात त्यावरून ताकद कळते. आधी मला बसवलं, मग लाल्याला. लाल्याचा आकडा वर गेला. दादा हसला आणि बाकावर पाय पसरून बसला.

ठमी मात्र मला हातात घेऊन उजेडात फिरवत होती. माझ्या एकाही घडीतून उजेड पलीकडे जात नव्हता.

"दादा, हा कधी बदलला होतास?"

"बदलायला तो काय मोजा आहे?"

"मोजे तरी बदलतोस का?"

"वहिनीने सांगितलं वाटतं."

मदतीला असलेला मिस्त्री हसला. ठमी हसली नाही. तिने साठ्यातून माझ्याच जातीचा कोरा कागदी फिल्टर मागवला. इंजिन पहिल्याइतकंच तापू दिलं, तेच पेट्रोल, तोच पंखा समोर, आणि चाकं पुन्हा पळवली. आकडा लाल्याच्या आकड्याला येऊन टेकला. तिने पुन्हा लाल्याला घातलं, पुन्हा कोऱ्याला. कधी हा केसभर पुढे, कधी तो. मिस्त्रीने फिल्टरकडून इंजिनकडे जाणाऱ्या नळीत दर वेळी पांढरं फडकं फिरवलं. लाल्याच्या वेळी ते मळकट निघालं, माझ्या जातवाल्याच्या वेळी पांढरं.

साहेबांनी मार्ग काढला. मार्ग काढण्यासाठीच साहेब असतात.

"जुन्याच्या तुलनेत वाढ झाली ना? तेवढं लिहा. हे काही खोटं नाही."

"खोटं नाही, सर. पण तेवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याचा समज खोटा होईल."

"तुमचाच भाऊ आहे, मॅडम."

"म्हणून तर दोनदा करून पाहिलं."

मग ती बाकावर दादाशेजारी बसली.

"दादा, गाडी पळाली ती जुना काढलास म्हणून. कागदाचा नवा घातला असतास तरी एवढीच पळाली असती."

दादा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. इतकं नीट त्याने मला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"पण मला वाटलं ना गं. खरंच वाटलं होतं. मी कुणाला फसवलं का?"

"नाही."

"मग तेवढं लिही की."

"कुठे लिहू, दादा? त्याला रकाना नाही."

"तुला गाडी मी शिकवली, ठमे."

"हो."

ती उठली आणि तिने अहवाल लिहिला : लाल फिल्टर व नवा कागदी फिल्टर यांत ताकदीचा लक्षणीय फरक आढळला नाही. खाली सही केली. दादाने पोच घेतली आणि निघाला. लाल्याला आणि मला नमुने म्हणून ठेवून घेतलं होतं, त्यामुळे गाडीत कोरा कागदी फिल्टरच राहिला. फाटकाशी मिस्त्रीने विचारलं, "आता कशी वाटते गाडी?"

"मजा नाही," दादा म्हणाला. "ताकदच गेली."

ही गोष्ट मिस्त्रीने परत येऊन सांगितली तेव्हा त्याला वाटलं मॅडम हसतील.

पुढे दादाचा अर्ज आला. फेरतपासणी व्हावी, अशी विनंती. कारण असं दिलेलं : तपासणी करणारी अधिकारी ही अर्जदाराची सख्खी बहीण असल्यामुळे सदर अहवाल निःपक्षपाती मानता येत नाही. अक्षर दादाचं नव्हतं, कुणाकडून तरी लिहून घेतला होता. सही त्याची होती. तपासणीचे सगळे अर्ज ठमीच्याच टेबलावर येतात, तसा तोही आला. तिने तो वाचला, बाजूला ठेवला, पुन्हा वाचला आणि त्यावर लिहिलं : नात्याचा उल्लेख बरोबर आहे. अर्ज मान्य करावा.

साहेबांनी दुसरा अधिकारी मिळावा म्हणून वरच्या कचेरीला लिहिलं. वरच्या कचेरीने विचारलं की पहिल्याच वेळी नातं का कळवलं नाही. साहेबांनी उत्तर तयार करायला ठमीला सांगितलं.

वहिनीचा फोन अधूनमधून येतो. खोकी आहेत तशीच आहेत, असं ती सांगते. दादा बोलायला येत नाही. ठमी विचारते, जेवतो ना नीट? मग फोन ठेवते.

फिल्टरचा मानाचा शेवट म्हणजे कचऱ्याचा डबा. काम संपलं, फेकून दिलं, हिशेब मिटला. माझी तेवढीच मागणी आहे. पण माझ्यावर लाख लावून शिक्का मारला आहे, आणि निकाल लागेपर्यंत नमुना नष्ट करता येत नाही. मी ठमीच्या टेबलामागच्या कपाटात आहे, आणि त्याच खणात शेजारी लाल्या आहे. त्याच्यावरही शिक्का आहे. आम्हा दोघांकडेही हवा येत नाही.

अर्ज विचाराधीन आहे.