रायगोंडाची पश्चिम

रायगोंडा पाचवी पास झाला.

झाला नाही असं समजा. मीही तसंच समजून पुढं लिहितो, कारण एकोणीसशे छत्तीसच्या दिवाळीनंतर माझ्यापुढं उभा होता तो तीनदा नापास झालेला, चारदा घरातून पळालेला पंधरा वर्षांचा पोरगा. कुणी काही विचारलं की जमिनीकडं बघायचा. मी निपाणीजवळच्या एका नदीकाठच्या गावात उमेदवार मास्तर. वय एकोणीस, मिशी येण्याच्या बेतात. हेडमास्तरांनी तो माझ्या गळ्यात बांधला. "त्याला जरा धीर द्या," म्हणाले. माझ्याकडं मलाच पुरेल एवढा नव्हता, पण नोकरी नवी.

त्याची आई चंपाबाई म्हणाली, "मास्तर, ह्यो तोंड फकस्त जेवायला उघडतोय. औंदा नापास झाला तर ह्येचा बा ह्येला तंबाखूच्या वखारीत घालणार. तितल्या धुरळ्यानं ह्येच्या छातीतनं शिट्टी वाजती वो. रातभर झोपत न्हाय पोरगं."

मी रोज संध्याकाळी त्याला मळ्यात न्यायला लागलो. नियम एकच: उत्तर चुकलं तरी चालेल, मान वर पाहिजे आणि आवाज बांधापर्यंत गेला पाहिजे. पहिले नऊ दिवस तो फक्त स्वतःचं नाव सांगत होता, तेही म्हशीला. म्हशीनं शंका काढली नाही. दहाव्या दिवशी तो ओरडला, "सात नवे चौपन्न!"

"शाब्बास," मी म्हणालो. इथंच माझं चुकलं असावं. पण त्याचा चेहरा असा फुलला, की त्रेसष्ट म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

तपासणीला दिपोटी साहेब, म्हणजे शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, आले, धारवाडहून नुकतेच बदलून. त्यांनी रायगोंडाला उभं केलं. "वेदगंगा कुठल्या दिशेला वाहते?"

"पश्चिमेला, साहेब!" दोन वर्ग पलीकडची पोरंसुद्धा उठून उभी राहिली.

"पूर्वेला ना?"

"न्हाय साहेब. मी रोज बघतोय. तुमी आजच आलाईसा."

साहेबांनी हेडमास्तरांकडं बघितलं, हेडमास्तरांनी माझ्याकडं, मी छपराकडं. मग साहेबांनी वर्गाला विचारलं. एवढा मोठा आवाज चुकीचा असेल असं वर्गाला वाटेना. "पश्चिमेलाच!"

साहेब छत्री घेऊन नदीवर गेले. मागून सगळी शाळा. त्यांनी एक वाळकं पान पाण्यात टाकलं. काठाजवळच्या भोवऱ्यात सापडून ते सरळ पश्चिमेला निघालं. साहेबांनी छत्री मिटली. मग "आमचा नकाशा जुना असेल," म्हणत त्यांनी शेरा लिहिला: उत्तीर्ण. पुढील तपासणीस नदी पुन्हा पाहावी. ती उलट निघाल्यास विद्यार्थी खालच्या वर्गात उतरवावा.

त्याच संध्याकाळी रायगोंडा बापासमोर मान वर करून म्हणाला, "आप्पा, मी वखारीत येत न्हाय. साळंत जातो." बापानं पुन्हा वखारीचं नाव काढलं नाही.

आता त्याला पूर्व कुणी सांगायची? एकदा मी प्रयत्न केला. "रायगोंडा, ती नदी हाय न्हवं..."

"मान वर करून बोला की मास्तर! चुकलं तरी चालतंय."

मी मान वर केली आणि घाटाकडं चालू लागलो. हल्ली रोज घाटावर जाऊन बसतो. पाणी बघून बघून मलाही नक्की सांगता येईना झालंय. तेव्हा पुढीलप्रमाणे अर्ज केला आहे:

मेहेरबान इंजिनिअर साहेब, पाटबंधारे खाते, यांचे सेवेशी. सदर नदी येत्या तपासणीच्या दिवशी सकाळी अकरा ते बारा, निदान शाळेसमोरील घाटापुरती, पश्चिमेस वाहती ठेवणेबाबत हुकूम व्हावा. बारानंतर तिने कोठेही जाण्यास शाळेची हरकत नाही.