उतार पडला

माझ्या सासूच्या, बाळाबाईच्या तोंडाला लागू नये, असं आमच्या वाडीत म्हणतात. माझ्याही तोंडाला सहसा कुणी लागत नाही. म्हणून तर आम्हा सासूसुनेचं बरं चालतं. दोघीही बोलून मोकळ्या होतो आणि मग चुलीपाशी बसून चहा पितो.

माझं माहेर वरवे बुद्रुकचं, पण मला आई नाही. त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी केलं मात्र सख्ख्या आईच्या मायेनं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रोजचं माखणं, कशाला म्हणून कमी नाही. आणि स्वरूप, माझा मुलगा, तो तर त्यांची दुधावरची साय. बारशाला घर पाहुण्यांनी भरलं. ज्याला त्याला बाळ मांडीवर घ्यायचं, पापे घ्यायचे. माझ्या नवऱ्याच्या, गोरखच्या नाकाला तेव्हा धार लागलेली. कंपनीत निम्मी माणसं खोकतायत म्हणत होता.

मी म्हटलं, "अहो, लांब व्हा जरा बाळापासून."

तर म्हणतो कसा, "बापाची सर्दी पोराला लागत नसती."

लागली की! आधी बाळाचं नाक वाहायला लागलं, मग खोकला सुरू झाला. बाहेर श्रावणातली झड, घरात ओल. आत्यांनी धुरी वाढवली. आंघोळीनंतर बाळाला शेगडीवर धरायची आमच्याकडं रीतच आहे. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची आणि तो धूर बाळाच्या अंगाला द्यायचा. आता सर्दी म्हटल्यावर सकाळ-संध्याकाळ, तीही दार-खिडकी लावून. माझ्याच डोळ्यांतून पाणी यायचं, त्या एवढ्याशा जिवाचं काय होत असेल?

"आत्या, दम लागतोय त्याला धुरानं."

"मला शिकवू नगंस. चार पावसाळे जास्त बघितल्यात म्या."

त्या दिवशी सकाळी बाळ धुरीवर फार रडलं. खोकून खोकून लालबुंद झालं आणि मग एकदम गप्प झालं. आत्यांचा चेहरा फुलला. त्यांनी बाळाची अलाबला घेतली, बोटं मोडली.

"बघ, उतार पडला. निजला गं माजा राजा!"

मी त्याला पदराखाली घेतलं. तो तोंड लावायचा, एखादा घोट ओढायचा आणि सोडून द्यायचा. दुधानं माझी छाती दगडासारखी झाली होती आणि त्याचा लंगोट सकाळपासून कोरडा होता. मी अंगडं वर करून पाहिलं. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांवर निळसर झाक आली होती.

"आत्या, हा निजला न्हाई. हा दमलाय."

"गप बस. सव्वा महिना झाला न्हाई अजून. बाळंतिणीनं वेस वलांडायची नसती. सटवाई असती वाटंवर."

"सटवाई घरात आलीय, आत्या!" मी ओरडलेच.

गोरख आईच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "संध्याकाळपातूर बघू की."

"तुमी नाक दाबून बसा संध्याकाळपातूर, मग बोला!"

मी बाळाला कुंचीत गुंडाळलं आणि तशीच पावसात बाहेर पडले. शेजारच्या कुमारभावजींचा टेम्पो दारात उभा होता, त्यात जाऊन बसले. मग गोरखही चढला. आत्या मला शिव्या घालत, अनवाणीच, मागून आल्या. वाटेत सारखी बाळाच्या छातीवर हात ठेवत होते. छाती हललेली कळली की मगच पुढचा श्वास मी घ्यायची.

वेल्ह्याच्या डॉक्टरांनी बाळाला बघितलं मात्र, लगेच ऑक्सिजन लावला आणि ॲम्ब्युलन्सनं हायवेवरच्या मुलांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं त्याचं नाक साफ केलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, दुधासाठी दुसरी नळी पोटापर्यंत घातली. मी दूध काढून द्यायचं आणि नर्सनं ते नळीतून सोडायचं.

"इंजेक्शन का देत न्हाई?" गोरख चिडून म्हणाला.

डॉक्टरबाई शांत होत्या. "हे विषाणूचं दुखणं आहे. मोठ्या माणसाला नुसती सर्दी होते. एवढ्याशा बाळाच्या छातीतल्या बारीक नळ्या सुजतात, चिकट पाण्यानं भरतात. विषाणूला मारणारं औषध नाही. आपण श्वासाला आधार द्यायचा, पोटात दूध जाऊ द्यायचं. लढायचं बाळालाच आहे."

असं कुणी तोंडावर सांगितल्यावर आईनं काय करायचं? मी काचेला डोकं टेकवून उभी राहायची. शेजारच्या खाटेवरचं एक बाळ गेलं. त्याची आई रडली नाही, नुसती दुपटं घडी करत बसली. मला तिच्याकडं बघवेना.

स्वरूप वाचला. नळ्या निघाल्या, छातीशी घेतल्यावर तो स्वतः दूध ओढायला लागला, तेव्हा कुठं मला रडू आलं.

घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर्दी झालेल्या माणसानं बाळाला घ्यायचं नाही. आणि घरात धूर अजिबात नको. सुजलेल्या नळ्या धुरानं आणखी आवळतात. बाळ रडतंय तोवर त्याच्यात ताकद असते. दूध न पिता गप्प पडलं, तर ते बरं झालेलं नसतं. थकलेलं असतं."

आत्यांना सुनवायला मी किती तरी साठवून ठेवलं होतं. मी वळून पाहिलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

"बाई," त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "लई वर्सामागं बी असंच असायचं का हो?"

"काय आजी?"

"गोरखच्या आदी मला दोन लेकी झाल्या. दोगींची बी छाती अशीच उडत हुती. म्या धुरी दिली. गप झाल्या. उतार पडला म्हणलं, आन म्या बिनघोर रोपं लावाय गेले. थोरलीच्या येळंला बी, धाकटीच्या येळंला बी."

या घरात माझ्याजवळ कुणी कधी या दोघींबद्दल बोललं नव्हतं. गोरखचाही चेहरा उतरला. त्यालाही ठाऊक नव्हतं. मी बाळाला घेऊन आत्यांच्या शेजारी खाली बसले.

डॉक्टरबाई खाली वाकल्या. "तुमचा काय दोष, आजी? तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

आत्यांनी मान हलवली.

"सांगत हुत्या की पोरी. रडून रडून सांगत हुत्या."