ऊन लागलेला आकडा

मित्रांनो, मी काही फार जुना नाही. अमरावतीजवळच्या वलगावला धर्मपालच्या सुतारकामाच्या शेडमध्ये येऊन मला चारच वर्षं झाली. पण माझ्या एका कडेचा रंग उडाला आहे, काचेवर चरे पडले आहेत आणि बोलताना रेंगाळायची सवय लागली आहे. तेवढं सांभाळून घ्या.

मी कोन मोजतो. मुठीत मावेल एवढी माझी चौकोनी पेटी, पोटाशी चुंबक आणि समोर आकडे दाखवणारी काच. दुकानात मला डिजिटल अँगल गेज म्हणतात, धर्मपाल नुसतं 'मीटर' म्हणतो. माझा कारखाना कुठे होता ते आठवत नाही. तिथे एका लांब टेबलावर माझ्यासारखे शेकडो मांडले होते आणि सगळे एकाच वेळी शून्य दाखवत होते, एवढं आठवतं. ते दृश्य फार सुंदर होतं.

एक गुपित सांगतो. शून्य कुठे असतं ते माझं मला कळत नाही. कुणीतरी मला करवतीच्या टेबलावर ठेवतं, बटण दाबतं आणि म्हणतं, हे शून्य. मग मला पात्याला चिकटवलं की पातं किती कललं ते मी सांगतो. आणि थोडा वेळ कुणी हात लावला नाही तर माझे डोळे आपोआप मिटतात. झोपेत मला नेहमी पाणी दिसतं. दूरवर पसरलेलं, वारा नसलेलं पाणी. त्यावर मी तरंगत असतो आणि कुणीही बटण न दाबता माझ्या काचेवर शून्य असतं.

सुरुवातीला माझं कौतुक काय सांगू! गावातले लोक मला पाहायला येत. धर्मपाल मला कशावरही ठेवून आकडा दाखवी आणि म्हणे, "आता डोये फोडाची गरज नाई. आकडा खोटा बोलत नसते." हळूहळू काटकोन तपासायचा त्याचा जुना गुण्या खिळ्यालाच लटकत राहिला. मलाही ते आवडत होतं, खोटं कशाला सांगू?

गेल्या मे महिन्यात विहारात बुद्धमूर्तीसाठी लाकडी बैठक करायचं ठरलं. आठ बाजूंची. लाकूड गावातल्याच म्हाताऱ्या सुंदराबाईंनी दिलं. त्यांच्या घरकुलाला लोखंडी दार बसलं, तेव्हा जुन्या घराचं सागवानी दार त्यांनी विकलं नाही. "त्याच्यावर बुद्ध बसू दे," एवढंच म्हणाल्या आणि दार बैलगाडीत घालून पाठवून दिलं. त्यात नेमक्या आठ फळ्या निघत होत्या. नववी नाही.

धर्मपालने सकाळी मला टेबलावर ठेवून शून्य केलं आणि शेडच्या टिनाच्या दारावर चिकटवून ठेवलं. तो फळ्यांना रंधा मारत बसला. दुपारपर्यंत ऊन त्या टिनावर आलं. मित्रांनो, आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. मला गुंगी आली. स्वप्नातलं पाणी एका बाजूला सरकत होतं आणि मी त्याच्याबरोबर सरकत होतो. मला ते वाईटही वाटत नव्हतं. तेवढ्यात धर्मपालने मला काढलं आणि पात्याला लावलं. साडेबावीस अंश हवे होते. मी साडेबावीस दाखवले. पातं खरं तर बाविसावर होतं. सगळ्या कडा कापून झाल्यावर त्याने मला परत टिनाच्या दारावर चिकटवलं.

अर्धा अंश म्हणजे काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. पण आठ फळ्या, प्रत्येकीच्या दोन कडा, सोळा वेळा अर्धा अंश. संध्याकाळी फळ्या पट्ट्याने आवळल्या तेव्हा शेवटच्या जोडात ज्वारीचा दाणा सहज जाईल एवढी फट राहिली. धर्मपालने माझ्याकडे पाहिलं, मग फळ्यांकडे पाहिलं. माझ्यावर त्याला शंका आली नाही. त्याने सुंदराबाईंना निरोप धाडला की तुमचं लाकूड वाकडं आहे, जमत नाही. विहारातल्या मंडळींनी अमरावतीहून तयार बैठक आणायची बोलणी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदराबाई आल्या. पदराने घाम पुसत फळ्यांजवळ बसल्या.

"मावशी, राग नका मानू," धर्मपाल म्हणाला. "मीटर बरोबर सांगून राह्यलं. लाकूडच वाकलं हाय."

"बाबू, पन्नास वर्सं मी ते दार उघडलं आन् लावलं," त्या म्हणाल्या. "एक दिवस अटकलं नाई. वाकडं दार अटकल्याबिगर राह्यते का?"

मला त्या वेळी किती लाज वाटली म्हणून सांगू! मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो.

धर्मपालची बायको माया फळ्यांना पॉलिश करायचं काम पाहते. ती उठली, टिनावरून मला काढलं आणि हात झटकला. "अजी, हे तं तव्यावानी तापलं!" तिने मला टेबलावर ठेवलं. कालच्या सकाळनंतर कुणी माझं बटण दाबलं नव्हतं. त्याच टेबलावर, जिथे शून्य दिसायला हवं होतं, तिथे मी अर्धा अंश दाखवत होतो. माया हसायला लागली. "वाकडं काहीच नाई. याले ऊन लागलं हाय!"

तिने धर्मपालच्या खिशातला ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा काढला आणि माठाच्या गार सावलीत मला त्याच्याजवळ ठेवलं. कांद्याचा गुण मला लागला की माठाचा, ते मला ठाऊक नाही. तासाभराने मी त्याच टेबलावर शून्य दाखवलं.

धर्मपाल सुंदराबाईंसमोर उकिडवा बसला. "मावशी, चुकलो मी. तुमच्या दाराले नाव ठेवलं." मग त्याने प्रत्येक कडेवरून केसाएवढं लाकूड पुन्हा काढलं. दर फळीला मला टेबलावर ठेवलं, शून्य केलं, उलटं फिरवून परत पाहिलं, शिवाय खिळ्यावरचा गुण्याही काढून लावून पाहिला. आठवा जोड बसला तेव्हा सुंदराबाईंनी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. बोट कुठेच अडलं नाही. बुद्धपौर्णिमेला मूर्ती त्या बैठकीवर बसली.

आठवा जोड बसला त्या दिवशी शेडमधून जाताना सुंदराबाईंनी मला हातात घेतलं होतं. माझा आकडा काही केल्या थांबेना. "काय सांगून राह्यलं हे?" त्यांनी विचारलं.

"तुमचा हात कापून राह्यला, मावशी. ते सांगून राह्यलं," माया म्हणाली.

"हे मात्र खरं बोललं," असं म्हणून त्या हसल्या आणि मला सावलीत ठेवून गेल्या.

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका. माझ्यावर विश्वास जरूर ठेवा. पण माझ्या आकड्यावरून कुणाला वाकडं ठरवणार असाल, तर आधी मला टेबलावर ठेवून पुन्हा एकदा विचारा. मला त्याचा मुळीच राग येत नाही.