पहिल्या स्तंभातला बाण

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचा, कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला. लातूरजवळच्या मुरुडच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझं आयुष्य गेलं. आलो तेव्हा माझ्या अंगावर नुसते चौकोन होते. कोण कुठे बसतो एवढंच मला ठाऊक होतं. त्यांचे स्वभाव मला गुरुबसप्पा मास्तरांनी शिकवले.

दर वर्षी मास्तर परातभर पाण्यात सोडियमचा कण टाकत. तो सुसाट पळू लागला की शिपाई धोंडप्पा पोरांच्या आधी टाळ्या वाजवायचा. बहात्तर साली मास्तरांनी पोटॅशियमची बरणीही मागवली, पण ते साल दुष्काळाचं निघालं. शाळेला प्यायला एक घागर, तीही पाणी भरणारी कोंडाबाई दोन कोसांवरून आणायची. मास्तरांनी घागरीकडे पाहिलं आणि बरणी न उघडताच कपाटात ठेवली.

"पाणी प्यायला राहू द्या. आज तक्त्यावरच बघू," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्या पहिल्या स्तंभात लिथियमपासून खाली पेन्सिलीनं बाण ओढला. मला राग आला, खोटं कशाला सांगू? कोरं अंग खराब केलं! पण ते बोलू लागले आणि मी ऐकतच राहिलो.

"डावीकडून उजवीकडं जाताना अणू लहान होतो, केंद्राची पकड घट्ट होते. वरून खाली मात्र अणू मोठा होत जातो. सिद्धेश्वराच्या जत्रेत आईपासून लांब गेलेलं लेकरू लवकर चुकतं का न्हाई? तसा खालच्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन लवकर सुटतो. म्हणून ह्या उभ्या रांगेत खालचा जास्त तापट."

बाणाशेजारी त्यांनी लिहिलं, 'खाली जपून'. पुढच्या बाकावरच्या दानम्मानं ते वहीत उतरवून घेतलं.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. मास्तर तोवर वारले, लिंगैक्य झाले होते आणि दानम्मा त्याच शाळेत विज्ञानाच्या बाई झाल्या होत्या. नव्या जिल्ह्याचे साहेब येणार म्हणून साफसफाई निघाली. माझ्या जागी चकचकीत तक्ता लावायचं ठरलं. धोंडप्पा जुन्या बरण्या रिकाम्या करून बादलीत धूत होता. त्यानं पोटॅशियमची बरणी उघडली आणि रॉकेलमधला अख्खा गोळा चिमट्यात धरला.

"धोंडप्पामामा, काय करायलात?" दारातून बाई ओरडल्या.

"पाण्यात सोडायलो. सोडियमच्या खालचाच हाय की, त्याचा भाऊ. नाचंल अन् विरघळंल. लई बार बघितलंय म्या."

बाईंनी धावत येऊन त्याचं मनगट धरलं. "आधी तक्ता बघा. मास्तरांनी काय लिहिलंय?"

धोंडप्पानं माझ्यावरचे ते दोन शब्द वाचले. गोळा गुपचूप रॉकेलमध्ये गेला. मग बाईंनी त्याला लांब उभं केलं आणि मुगाच्या डाळीएवढा तुकडा बादलीत टाकला. फट् आवाज झाला, जांभळी ज्योत उठली. धोंडप्पा दोन पावलं मागं सरला.

"एवढ्याशानं एवढं! माझे डोळेच गेले असते, बाई."

त्यानंच मला भिंतीवरून उतरवलं आणि नवा तक्ता टांगला. पण तो स्टुलावरून खाली उतरेना.

"पेन्सिल द्या, बाई. त्यो बाण ह्याच्यावर बी पायजे."

मित्रांनो, मी आता कपाटामागे गुंडाळलेला पडून आहे. माझी कड उंदरांनी कुरतडली आहे. मला पुन्हा भिंतीवर लावा असं मी म्हणत नाही. माझे सगळे चौकोन नव्या तक्त्यावर छापलेले आहेत. फक्त जुनं काही टाकण्याआधी त्यावर कुणी पेन्सिलीनं काय लिहून ठेवलंय, तेवढं वाचा. मास्तरांचा तो बाण नव्या तक्त्यावर धोंडप्पानं स्वतःच्या हातानं काढला. थोडा वाकडा आला, पण खालीच जातो.