पंखा काढून बघा

मित्रांनो, मी एक जुनी, किल्लीवर वाजणारी संगीतपेटी आहे. माझं वय मात्र विचारू नका. व्हिडिओखाली लोक मला ऐंशीपासून तीनशेपर्यंत वाटेल तेवढ्या वर्षांची ठरवतात आणि मी कुणाचाही हिरमोड करत नाही.

माझ्या पोटात पितळेचा एक रूळ आहे. त्यावरचे केसाएवढे खिळे एका कारागीर बाईने एकेक करून बसवले. रूळ फिरला की हे खिळे पोलादी कंगव्याचे दात छेडतात आणि गाणं वाजतं. टोकाला एक चिमुकला पंखा आहे. तो हवा कापत फिरतो, म्हणून स्प्रिंगची ताकद एकदम सुटत नाही आणि गाणं संथ चालतं. त्याची थोडी घरघर होते, हे मला मान्य आहे.

पुष्कळ वर्षं मी एका घड्याळजीच्या दुकानात गिऱ्हाइकांचं मन रमवलं. मग एका बाईंनी मला घरी नेलं. त्यांची भाची दातांची डॉक्टर, घराच्या पुढच्या खोलीतच तिचा दवाखाना. मी तिथे ताटकळणाऱ्या पेशंटांपुढे वाजू लागले आणि कौतुकाला काही तोटा राहिला नाही. तिच्या या आत्यांना आता ऐकू येत नाही. संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला की त्या मला किल्ली देत, माझ्या लाकडावर तळहात टेकत आणि डोळे मिटून बसत. हाताला कळणारं हे एवढंच गाणं त्यांच्यापाशी उरलं होतं.

डॉक्टरबाईंनी हौसेने माझा व्हिडिओ टाकला. खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला. कुणी म्हणे, ‘आत स्पीकर आहे, फसू नका.’ कुणी म्हणे, ‘आत चांदी असते, वितळवा.’ एका उंटावरच्या शहाण्याने लिहिलं, ‘पंखा फक्त पेटी थंड ठेवायला असतो. काढून टाका, घरघर जाईल.’ त्याला हजारोंनी अंगठे दिले. खाली एकाने बजावलं होतं, ‘किल्ली भरलेली असताना पंख्याला हात लावू नका, सगळं मोडेल.’ त्यावर उत्तर आलं, ‘काका, झोपा आता.’

डॉक्टरबाई दिवसभर पेशंटांवर करवादतात, “मोबाईलवर वाचून दाताला काहीबाही चोळता आणि मग रडत माझ्याकडे येता!” लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. त्या संध्याकाळी त्या बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आल्या.

“अगं, आत्ताच किल्ली दिलीय मी. आधी वाजू तरी दे,” आत्या म्हणाल्या. त्यांचा हात माझ्यावरच होता.

“एक मिनिट गं आत्या. पंखा काढते, मग ऐक निवांत,” डॉक्टरबाई ओठ स्पष्ट हलवत म्हणाल्या.

पंखा निघाला आणि रूळ सुटला. अख्खं गाणं एका घासात संपलं. खिळे आडवे झाले, दात तुटून खोलीभर उडाले. होत्याचं नव्हतं झालं.

“आज इतक्यात संपलं?” आत्यांनी विचारलं.

डॉक्टरबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. “आत्या, मी मोडली गं ती.”

आत्यांनी हात काढला नाही. मित्रांनो, मी लोखंड-पितळेची, मला फारसं काही वाटत नाही. पण माझ्या दातांपेक्षा मला त्या हाताचं वाईट वाटलं.

माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी कुणाला तरी विचारा, आणि त्याने अशी वस्तू कधी उघडून पाहिली आहे का, हेही विचारा. अंगठे मोजू नका.

दुसऱ्यांवर ही पाळी येऊ नये म्हणून डॉक्टरबाईंनी माझ्या मोडक्या दातांचा व्हिडिओ टाकला, घडलं ते सगळं कबूल केलं. खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, ‘पंखा काढून बघा.’ तिला अंगठे मिळू लागले आहेत.