माझी खडखड आणि आप्पांची झोप

मित्रांनो, तुम्ही मला रोज पाहता, पण माझ्याकडे बघत नाही. इमारतीच्या भिंतीवर, खिडकीशेजारी, पुढे जाळी आणि जाळीमागे पंखा असलेला जो पत्र्याचा डबा लटकलेला असतो ना, तोच मी. एसीचा बाहेरचा भाग. सुरतेत मला सगळे ‘आउटडोअर’ म्हणतात. नावातच बाहेर उभं राहायची शिक्षा आहे. माझं वय झालंय, एका कोपऱ्याला गंजही चढलाय, पण चौकसपणा काही गेलेला नाही.

कारखान्यात आम्ही दोघे भाऊ एकाच दिवशी तयार झालो. दुसरा ‘इनडोअर’. तो लांबट, पांढराशुभ्र, घरात राहणारा. आम्हा दोघांना तांब्याच्या नळ्यांनी जोडतात, आणि तेवढाच आमचा संबंध. तो आतली उष्णता गोळा करून माझ्याकडे धाडतो, मी ती बाहेर टाकतो. आत कोण बसलंय, काय बोलतंय, हसतंय की रुसलंय, यातलं तो मला काही म्हणजे काही कळवत नाही. माझं तोंड कायम रस्त्याकडे. त्यामुळे जन्मापासून मला एकच प्रश्न छळत आला आहे : आत आहे तरी काय?

आणखी एक गंमत सांगतो. आम्ही भाऊ नुसती हवा गार करणारे नव्हतो, उलटं कामही आम्हाला येत होतं. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात सोडायचं काम. रिमोटवर त्यासाठी सूर्याचं चित्र होतं. पण आमचं पहिलं घर अडाजणकडचा एक बंगला. तिथे गच्चीवरच्या सिमेंटच्या ओट्यावर मी ऐसपैस बसलेला असे. त्या घरात सूर्याच्या चित्रावर कुणी बोटसुद्धा ठेवलं नाही. सुरतेत थंडी ती कितीशी! माझ्या पोटात एक झडप होती, ती कधी हललीच नाही. ती नेमकी कशासाठी दिली असेल, याचा मी फार विचार करायचो.

पुढे बंगल्यात नवा एसी आला आणि आम्हा दोघांना जुन्या मालाच्या दुकानात पाठवलं. तिथून आम्हाला सुरतेच्या टोकाला, कोसाडला आणलं ते योगराजने.

योगराज मूळचा खानदेशातला, अहिराणी बोलणारा, पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये फिटर. कोसाडला तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. घरात त्याचे वडील धुडकू, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, बायको जयश्री आणि नुकतीच जन्मलेली मुलगी. पोर कमी दिवसांची, मुठीएवढी. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नुसतं चिमी म्हणत. थंडीचे दिवस होते, खोली उबदार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून योगराजने गरम हवा देणारा एसी शोधून काढला होता. मला कळलं तेव्हा छाती फुगली. शेवटी माझ्या त्या झडपेचं काम निघालं होतं!

मला बसवायचं काम योगराजने स्वतःच अंगावर घेतलं. मदतीला त्याचा दोस्त लोटू. कमरेला पट्टा नाही, मला दोर बांधलेला नाही. योगराज खिडकीतून अर्धा बाहेर वाकलेला आणि लोटूने मागून त्याचा सदरा धरलेला. खालून लोक ये-जा करत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. ड्रिल भिंतीत सरकन आत गेलं. इतकं सरकन, की मला नवल वाटलं.

“देख, कितलं सोपं शे!” योगराज खूश होऊन म्हणाला.

मग त्याने लोखंडी स्टँड लावून बोल्ट पिळायला घेतले. बोल्ट घट्ट बसेचना, नुसता फिरत राहिला. लोटूच्या ते लक्षात आलं.

“बोल्ट फिरी राहिना, भाऊ.”

“चालशे! मिलमा एवढी मोठी मशीन धरस हाऊ बोल्ट. हाऊ डबा काय शे त्यापुढे!”

‘चालशे’ हा गुजराती शब्द योगराजच्या जिभेवर कायम असे. चालेल, निभावेल. मिलमध्ये त्याचे बोल्ट सिमेंटच्या जाड फरशीत बसत आणि हत्तीएवढं यंत्र धरून ठेवत. घराची भिंत हलक्या, पोकळ विटांची होती. बोल्टवर त्याचा भरवसा होता, पण भिंतीला कुणी काही विचारलंच नाही. मी तर तेव्हा ‘डबा’ म्हटल्याच्या रागातच होतो.

त्या संध्याकाळी जयश्रीने सूर्याच्या चित्रावर बोट ठेवलं. माझ्या पोटात खट्ट झालं. ती झडप हलली, सगळा गॅस उलट्या वाटेने धावू लागला आणि मी गारठलो. मित्रांनो, कधी नव्हे तो मी गार आणि माझा भाऊ गरम! माझ्या अंगावर दव धरलं, खाली थेंब टपकू लागले. आतलं किरकिरं रडणं हळूहळू थांबलं. कोण रडत होतं आणि कोण शांत झालं, ते मला दिसलं नाही. तरी मला फार बरं वाटलं.

आता आप्पांचं सांगतो. त्यांचं सगळं आयुष्य लूमवर गेलं, कापड विणायच्या मागावर. त्या खटखटीत त्यांचे कान निम्मे गेले. घरातही सगळे मोठ्याने बोलत, म्हणून तर मला भिंतीपलीकडूनही सगळं ऐकू येई. लूम बंद पडला की कमाई बंद. त्यामुळे कारखान्यात आवाज थांबला की आप्पा मागाकडे धाव घेत. काम सुटल्यावर घरच्या शांततेत त्यांना झोपच लागेना. दुपारी पलंगावर नुसते कूस बदलत पडायचे.

आणि मग मी आलो. ढिल्या बोल्टामुळे मी चालू झालो की खडखड करायचो. ती खडखड भिंतीतून पलंगापर्यंत पोचायची आणि आप्पा गाढ झोपायचे. माझ्या खडखडीचं असं कौतुक कुठल्याच घरात झालं नसेल. मीही भाळलो. बंगल्यात कुणी माझं नावही घेत नसे, आणि इथे एक म्हातारा माझ्या आवाजावर घोरत होता.

पण दिवसेंदिवस खडखड वाढत चालली. बोल्टाच्या भोवतीचं भोक रुंद होत होतं आणि डाव्या बाजूने मी खाली ओढला जात होतो. जयश्रीचे कान चांगले होते. ती म्हणाली, “आप्पा, पहिले आसा आवाज नव्हता.”

“आवाज करस म्हंजे चालू शे,” आप्पा म्हणाले. “बंद पडनं तर घाबरानं.”

योगराज मिलमधून यायचा तोच कानात मिलचा आवाज घेऊन. त्याला तर माझी खडखड म्हणजे किस झाड की पत्ती. मी जितका जोरात ओरडत होतो, तितके ते निश्चिंत होत होते.

माझ्या अगदी खाली काय होतं, हे सांगायचं राहिलंच. तळमजल्याच्या ओट्यावर रोज सकाळी उषाबाई आणि आजूबाजूच्या बायका साड्यांवर खडे चिकटवायला बसत. साडी पसरायची, गोंदाचा ठिपका द्यायचा, खडा ठेवायचा. कुणाचं मूल शेजारी खेळतंय, कुणाचं मांडीवर झोपलंय. मी त्यांच्या टाळूवर लटकत होतो. पडलो असतो तर काय झालं असतं, या विचाराने माझा पंखा फिरता फिरता अडखळायचा. आणि मला बंद करावं तर वर पोर गारठणार. मी काय करणार? मला वाचा नाही.

एक सकाळ उजाडली. योगराज पलसाण्याला गेलेला. उषाबाई एका जांभळ्या साडीवर काम करत होती, आणि तिच्या ओल्या गोंदावर पांढरी भुकटी पडली. तिने ती झटकली. पुन्हा पडली. तिच्या आणि शेजारणींच्या साड्यांवर डाग उठले. तिने मान वर न करताच दुसऱ्या मजल्यावरच्या शोभाबाईला हाक मारली आणि पीठ खिडकीत चाळतेस का म्हणून फैलावर घेतलं. शोभाबाई तणतणत खाली आली.

“मी आज पीठ चाळंच नही!”

“मंग हाई काय शे? आभाळमाईन पीठ पडस का?”

भांडण रंगात आलं होतं. बाकीच्या बायका खडे खाली ठेवून ऐकू लागल्या. उषाबाईने पुरावा म्हणून ती भुकटी शोभाबाईच्या नाकासमोर धरली, दोन बोटांत चोळली, आणि पुन्हा एकदा चोळून पाहिली. पीठ मऊ असतं. हे खरखरत होतं.

“हाई पीठ नही व माय,” ती म्हणाली, “हाई भिंत शे!”

तेव्हा तिने मान वर केली. कोसाडला आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे नीट बघत होतं. माझी डावी बाजू भिंतीपासून सुटून खाली झुकली होती.

“उठा! साड्या र्‍हाऊ द्या, पहिले उठा!”

बायका पोरं उचलून पळाल्या. उषाबाईने ओट्याच्या दोन्ही बाजूंना खाटा आडव्या लावल्या, एका बाईला तिथे राखणीला उभं केलं, आणि शोभाबाईला घेऊन धापा टाकत तिसरा मजला गाठला. जयश्रीने एसी बंद केला, मेन स्विचही पाडला. योगराजला फोन लावला तर त्याचं आपलं नेहमीचंच : “चालशे, संध्याकाळले देखसू.” उषाबाईने फोन हिसकावून घेतला.

“तुनं ‘चालशे’ तठेच ठेव, आनी मिस्तरी धाड!”

पण मिस्तरी येईपर्यंत मला धरणार कोण? खाली त्या सकाळच्या डाग पडलेल्या साड्या होत्या, आता तरी त्या कुणी घेणार नव्हतं. सुरतेत काहीही बांधायचं झालं की माणसाचा हात आधी साडीकडे जातो. बायकांनी लांबूनच काठीने साड्या ओढून घेतल्या, वर आणल्या, पीळ दिला आणि खिडकी उघडली. कुणीही बाहेर वाकलं नाही. आतूनच काठीने साडीचं टोक माझ्या स्टँडमधून ओवून घेतलं. ही साडी गुळगुळीत, तिची गाठ सरकते. म्हणून उषाबाईने पलंगाच्या लोखंडी पायाला वेढ्यांवर वेढे घातले आणि मग गाठ मारली.

“आप्पा, पलंगवर बसा. उठू नका.”

आप्पांना निम्मंच ऐकू आलं, पण ते बसले. ज्याच्या झोपेसाठी मी खडखडत होतो, त्याच्याच वजनावर आता मी तोलला होतो.

आणि मित्रांनो, मी वाकडा झाल्यामुळे माझं तोंड जरासं खिडकीकडे वळलं होतं. खिडकी सताड उघडी. जन्मभराचा प्रश्न समोर उलगडला होता! निळसर भिंत, भिंतीवर माझा भाऊ, त्याच्याखाली साडीची झोळी आणि झोळीत टोपडं घातलेली चिमी. तिचा चेहरा माझ्या एका जाळीच्या चौकोनात मावेल एवढा. ती टक लावून माझ्याकडेच बघत होती. म्हणजे ती झडप हिच्यासाठी होती तर. मला रडता येत नाही, पण माझ्या अंगावरचं दव त्या वेळी बरंच गळलं.

मग जयश्री तिला पलीकडच्या अंगणात उन्हात घेऊन गेली. दुपारी भेस्तानहून योगराजने धाडलेला मिस्तरी प्रशांत आला, मूळचा परभणीकडचा. आल्या आल्या त्याने खालचा रस्ता बघितला, खाटा अजून लांब सरकवल्या. स्वतःच्या अंगात पट्टा चढवला आणि त्याचा दोर गच्चीवरच्या खांबाला बांधला. दुसरा जाड दोर वरून माझ्याभोवती आवळला. मी दोरावर पक्का तोलला गेल्यावरच त्याने साडी सोडवली. पुढे वीज जोडून, मला जरा वेळ चालवून सगळा गॅस माझ्या पोटात कोंडून घेतला, वीज पुन्हा तोडली, नळ्या सोडवल्या आणि मला वर गच्चीवर ओढून घेतलं.

त्याने बोटाने भिंत वाजवली. ढब ढब. खिडकीच्या खाली, मजल्याला लागून सिमेंटचा बीम होता, तिथे वाजवलं. ठक ठक. तेवढ्यात योगराज धावतपळत आला.

“बोल्ट खराब व्हता का?”

“बोल्ट चांगला हाय भाऊ,” प्रशांत म्हणाला, “पण त्यानं धरावं काय? भिंतीत नुसती पोकळी हाय. ह्या बीमात लावूत.”

बीमात स्टँड बसला तेव्हा ड्रिलने चांगलाच घाम काढला. प्रशांतने दोन्ही हातांनी स्टँड हलवून पाहिला, मगच मला त्यावर उतरवलं. पायांखाली रबर, पाठीमागे वाऱ्याला जागा, दवासाठी खालपर्यंत नळी. नळ्यांतली हवा यंत्राने ओढून काढल्यावर गॅस सोडला. योगराज शेजारी उभा राहून एकेक बोल्ट स्वतः तपासत होता. त्या दिवशी त्याच्या तोंडून ‘चालशे’ निघालं नाही. काम झाल्यावर तो खाली उषाबाईसमोर जाऊन उभा राहिला.

“मावशी, मी तुम्हना डोकावर टांगेल व्हतं ते.” त्याने हात जोडले.

“आते वर देखत जाय,” ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

आता मी खडखडत नाही. दुसऱ्या दुपारी आप्पा आडवे झाले आणि लगेच उठून बसले. “बंद पडनं का व?” जयश्रीने त्यांचा हात धरून भिंतीवर टेकवला. माझी बारीक थरथर त्यांच्या तळव्याला लागली. “चालू शे,” आप्पा म्हणाले, आणि हात तसाच ठेवून झोपी गेले.

माझी नवी जागा खिडकीच्या खाली आहे. तिथून आत काहीच दिसत नाही. चिमी आता रांगते म्हणे. वाईट वाटतं, पण तक्रार नाही. मित्रांनो, एक मागणं मात्र आहे. मला बसवाल तेव्हा आधी भिंत वाजवून बघा, माझ्याखाली कोण बसतं ते बघा. आणि माझा आवाज बदलला, किंवा खाली भुकटी दिसली, तर ती झटकून कामाला लागू नका.

उषाबाई तसं करत नाही. रोज सकाळी साडी पसरायच्या आधी ती मान वर करते, माझ्याकडे नीट बघते, आणि मगच बसते.